वळवलेलं डोमेन आणि पार्क केलेलं डोमेन

रावेर-यावल पट्ट्यात केळीचे वेफर्स विकणारा एखादा उद्योजक ब्रँडच्या नावाने डॉट इन आणि डॉट कॉम अशी दोन्ही डोमेन, म्हणजे साईटचे पत्ते, घेऊन ठेवतो. हे शहाणपणाचंच आहे. साईट मात्र एकाच डोमेनवर असते. मग दुसरं वळवायचं की पार्क करून ठेवायचं? दोन्हीत साईट उभारावी लागत नाही, म्हणून लोक यांना एकच समजतात. त्या पत्त्यावर लोक पाठवण्याचे नियम मात्र दोन्हीत अगदी उलट आहेत.

वळवणं म्हणजे रीडायरेक्ट. दुसरा पत्ता टाकला तरी माणूस तुमच्याच साईटवर पोचतो. कायमचं वळवायचं तर ३०१ हा कोड, तात्पुरतं तर ३०२. तो पत्ता पाकिटावर छापा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा, काही अडचण नाही.

पार्क केलेल्या डोमेनवर तुमचं असं काहीच नसतं. बहुतेकदा जाहिरातींच्या लिंका असतात. कुणी क्लिक केलं की जाहिरातदाराचे पैसे जातात आणि त्यातला वाटा डोमेनमालकाला मिळतो. माणूस स्वतःहून, काहीतरी शोधत आला, हे गृहीत धरून हा पैसा दिला जातो. म्हणून पैसे देऊन आणलेले लोक, पॉप-अप, बॉट (आपोआप क्लिक करणारे प्रोग्राम), स्वतःचे क्लिक, ‘ग्रुपवरच्या सगळ्यांनी एकदा क्लिक करा’ असले प्रकार जाहिरात कंपन्या अवैध धरतात. कमाई कापली जाते, खातं बंद होऊ शकतं.

मला हे नियम जाचक वाटत नाहीत. चोपड्यात ठिबकचं सामान विकणारा दुकानदार प्रत्येक क्लिकचे पैसे मोजतो. ग्रुपवर आग्रह करून मिळवलेल्या क्लिकमधून त्याची एक नळीही विकली जात नाही. म्हणजे हा पैसा सरळ त्याच्या खिशातून काढलेला असतो.

गूगल अ‍ॅड्स या गूगलच्या जाहिरात सेवेने २०२५ मध्ये पार्क केलेल्या डोमेनवरच्या जाहिराती जाहिरातदारांच्या खात्यांमध्ये आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली. ज्याला हव्या होत्या त्याला त्या तेव्हा स्वतः चालू कराव्या लागल्या. तुमची जाहिरातच पार्क केलेल्या पानावर नेत असेल, तर गूगल ती नामंजूर करतं. दुसऱ्याच्या ब्रँडचं डॉट इन नाव घेऊन त्यावर क्लिकची कमाई करू पाहणाऱ्याचं डोमेन तर तक्रारीनंतर काढूनही घेतलं जाऊ शकतं.

सर्वांत वाईट, नकळत पार्क झालेलं डोमेन. नूतनीकरण राहिलं की रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, अनेकदा तिथे स्वतःचं पार्किंग पान लावते, आणि तुमच्या पाकिटावरचा पत्ता टाकणारं गिऱ्हाईक दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीवर जातं. डॉट कॉम डोमेन हटवलं गेलं तरी सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, पण जादा शुल्क भरून. मुदतीआधी सूचना येतात, पण त्या नोंदवलेल्या ईमेलवर. गावाकडे तो ईमेल बहुधा साईट बनवून देणाऱ्या पोराचा असतो. तो बदलून आपला टाका.