उथळ पाण्याने घडवलेली होडी

बामणोलीला किंवा तापोळ्याला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर उभं राहिलं की आधी इंजिनांचा आवाज कानावर येतो. पर्यटकांना फिरवतात त्या लाँच आणि स्पीडबोटी, वासोट्याकडे नेतात त्याही लाँचच. सुमारे ११५ चौरस किलोमीटरच्या या जलाशयावर शिडाची होडी घालायचा विचार केला, तर पहिली अडचण उभी राहते ती काठाची. भिंतीच्या बाजूला पाणी खोल आहे, पण वरच्या अंगाला आणि ओढ्यांच्या फाट्यांत, त्यातही उन्हाळ्यात पाणी ओसरत असताना, तळ कधी लागेल याचा नेम नाही. मात्र हौसेने शीड चालवण्याची सुरुवातच मुळी अशा बिनभरवशाच्या तळावर झालेली आहे.

वारा शिडाला पुढे ढकलतो तसाच आडवाही ढकलतो. होडी आडवी घसरू नये म्हणून खाली पाण्यात काहीतरी रुतून राहावं लागतं. समुद्रातल्या मोठ्या जहाजांना त्यासाठी खोल कणा असतो. हॉलंडच्या झाउडरझे या आखातात तसा कणा चालण्यासारखा नव्हता. तिथे बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम ४ ते ५ मीटर, आणि मध्ये वाळूचे उंचवटे. डचांनी होडीचा तळ सपाट ठेवला आणि दोन्ही कुशींना पंख्याच्या आकाराची एकेक जाड फळी टांगली. वारा ज्या बाजूने निघून जातो, त्या बाजूची फळी पाण्यात सोडायची. होडीने वाऱ्याची बाजू बदलली की ती वर ओढून दुसरी सोडायची. फळी तळाला टेकली तर आपोआप वर उचलली जाते, आणि भरतीचं पाणी उतरलं तरी सपाट तळाची होडी चिखलावर सरळ बसून राहते.

‘यॉट’ हा शब्दही तिथलाच. मूळ डच शब्दाचा अर्थ पाठलाग, शिकार. १६६० मध्ये ॲमस्टरडॅमने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला ‘मेरी’ नावाची अशी एक नौका भेट दिली. पुढच्याच वर्षी, १६६१ च्या ऑक्टोबरमध्ये, राजा आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी टेम्सवर ग्रीनिच ते ग्रेव्हसेंड आणि परत अशी पैजेची शर्यत लावली. खोल पाण्यासाठी बांधताना इंग्लिश कारागिरांनी कुशीच्या फळ्या सोडून दिल्या. इथे आपल्याकडचाही एक दाखला द्यायला हवा. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांची गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं कमी पाण्यात चालणारी होती. मोठी इंग्लिश जहाजं जिथे शिरू धजत नसत, त्या खाड्यांत ती सहज जात.

पुढचा बदल अमेरिकेत झाला. बॉस्टनमध्ये जॉन शँक या नौदल अधिकाऱ्याने १७७४ मध्ये होडीच्या मध्यभागी खाच ठेवून तिच्यातून वरखाली होणारी फळी बसवून पाहिली. १८११ मध्ये न्यू जर्सीतल्या स्वेन बंधूंनी खिळीभोवती फिरणाऱ्या फळीचं पेटंट घेतलं. हाच आजचा सेंटरबोर्ड. न्यू ऑर्लिन्सजवळचं पाँचरट्रेन सरोवर सुमारे १,६०० चौरस किलोमीटरचं, पण सरासरी खोली ४ मीटरच्या आसपास. १८४९ मध्ये मिसिसिपीतल्या पास क्रिश्चनला स्थापन झालेला सदर्न यॉट क्लब पुढे याच सरोवराच्या काठी आला.

झाउडरझेचं पुढे सरोवर झालं ते माणसाच्या हाताने, कोयनेसारखंच. १९१६ च्या पुरानंतर १९१८ मध्ये कायदा झाला, अभियंता कोर्नेलिस लेली यांच्या आराखड्यानुसार ३२ किलोमीटरचा बांध घातला गेला आणि १९३२ च्या मे महिन्यात समुद्र बंद झाला. खारं पाणी गोडं झालं, मासेमारी आटली, आणि मालवाहू शिडांची जागा हळूहळू हौशी शिडांनी घेतली. फ्रीसलंडमधल्या जुन्या मालवाहू होड्यांच्या शर्यती आजही लागतात. सांगलीत पावसाळ्यात कृष्णेवर वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत पाहिलेल्यांना त्यातली चुरस समजावून सांगायला नको.

उथळ सरोवर दिसायला शांत, चालवायला अवघड. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवतो. ती आखूड आणि उभी होते, होडीचं नाक एकीतून वर येईपर्यंत दुसरी आदळते. वारा तासन्‌तास एकाच दिशेने राहिला तर पाणी समोरच्या काठाकडे लोटलं जातं आणि वाऱ्याकडच्या काठाला पातळी खाली जाते. सकाळी जिथून होडी सोडली तिथे संध्याकाळी ती चिखलात बसते. खोली जितकी कमी, तितका हा फरक मोठा. गोड्या पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचलं की पाणवनस्पती माजतात आणि सेंटरबोर्डला, सुकाणूला गुंडाळतात. होडी उगीच जड वाटू लागली तर आधी दोन्ही वर घेऊन साफ करावं, मग शिडाकडे पाहावं.

उलटलेली होडी हा उथळ पाण्यातला सगळ्यात वाईट प्रसंग. लेझर ही १९७० च्या सुमारास ब्रूस कर्बी यांनी आखलेली ४.२ मीटरची होडी. तिची डोलकाठी सुमारे ६ मीटरची. ३ मीटर पाण्यात ती पूर्ण पालथी झाली की काठीचं टोक चिखलात रुततं. अशा वेळी फळीवर उभं राहून सगळा भार टाकला तर काठी वाकते किंवा मोडते. नाक वाऱ्याकडे वळवून, काठी ज्या रेषेत रुतली त्याच रेषेत ती हळूहळू बाहेर येऊ द्यायची असते. शिकणाऱ्यांच्या होडीवर काठीच्या टोकाला हवेचा छोटा फुगा बांधतात, तो याचसाठी.

लेझर आणि मुलांची ऑप्टिमिस्ट (१९४७, क्लार्क मिल्स, २.३ मीटर) या दोन्हींची फळी खाचेत सरळ खाली सरकणारी असते. ती तळाला आपटली तर मागे फिरत नाही. खाच चिरते किंवा होडी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून ओसरत्या पाण्यासाठी खिळीवर फिरणारी फळी बरी. वाऱ्यावर चढताना, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं जाताना, ती पूर्ण खाली, वारा कुशीवर असताना निम्मी, वारा पाठीवर असताना जवळजवळ वर, फक्त थोडी दिशेपुरती. सुकाणूचं पातंही रबरी दोराने खाली धरून ठेवावं, पक्क्या खिळीने नव्हे, नाहीतर पहिल्याच दगडाला मागच्या बिजागऱ्या उखडतात.

शिवसागराचं पाणी डोंगरांमधल्या दरीत भरलेलं असल्यामुळे तिथे पाणी एका काठाला लोटलं जाण्याची भीती कमी. तिथे त्रास होतो तो डोंगराच्या आडून अचानक फिरणाऱ्या वाऱ्याचा आणि पातळीचा. आत बुडालेल्या गावांची शेतं आणि बांध आहेत. पावसाळा संपताना जो बांध पाण्याखाली खोल असतो, तोच एप्रिलमध्ये सेंटरबोर्डच्या उंचीला येतो. म्हणून धोक्याच्या जागेवर लावलेली खुणेची पिंपं उन्हाळाभर दर पंधरवड्याला पाण्याबरोबर सरकवावी लागतात.