अ‍ॅडीवेल : खडकातून रॉकेल काढणारे गाव

आपल्याकडे दिव्यातल्या तेलाला दोन नावे रूढ झाली. ‘गॅसलाइट’चे घासलेट झाले आणि ‘रॉक ऑइल’चे रॉकेल, म्हणजे खडकाचे तेल. स्कॉटलंडमध्ये एडिनबरो आणि ग्लासगोच्या दरम्यान, वेस्ट लोदियन भागात अ‍ॅडीवेल नावाचे लहानसे गाव आहे. तिथे हा अर्थ शब्दशः खरा होता. तेलविहीर नव्हतीच. जमिनीखाली उतरून काळा खडक फोडायचा, वर आणून भट्टीत भाजायचा आणि निघालेली वाफ थंड करून तेल मिळवायचे. गाव वसले तेच या कामासाठी.

कारखान्याची कल्पना जेम्स यंग यांची. 1811 साली ग्लासगोत जन्मलेला हा सुताराचा मुलगा दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करायचा आणि संध्याकाळी अँडरसन विद्यापीठात रसायनशास्त्राच्या वर्गाला बसायचा. पुढे आफ्रिकेत गेलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याशी तिथेच त्यांची मैत्री जमली, ती जन्मभर टिकली. 1847 मध्ये इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात एका कोळशाच्या खाणीत तेल पाझरत असल्याचे यंग यांना कळले. ते शुद्ध करून विकायला त्यांनी सुरुवात केली, पण झरा लवकरच आटू लागला. जमिनीतल्या उष्णतेने कोळशातून तेल सुटत असेल, तर तेच काम आपल्याला मंद आचेवर का करता येऊ नये, असा विचार करून त्यांनी प्रयोग केले. 1850 मध्ये पेटंट मिळाले आणि 1851 मध्ये अ‍ॅडीवेलपासून जवळच असलेल्या बाथगेटला कारखाना उभा राहिला.

बाथगेटला वापरात होता तो टॉर्बनाइट, तेलाने गच्च भरलेला दगड. त्याची किंमत कळताच 1853 मध्ये एडिनबरोच्या न्यायालयात मोठा खटला उभा राहिला. जमीनमालकाचे म्हणणे, मी कोळसा काढायचा पट्टा दिला होता, हा कोळसाच नव्हे. दोन्ही बाजूंनी नामवंत शास्त्रज्ञ साक्षीला आले आणि त्यांचे आपसांतच जमेना. शेवटी ज्युरीने निकाल दिला की हा कोळसाच. पण 1860च्या दशकात हा दगड संपत आला आणि 1864 मध्ये यंग यांच्या पेटंटची मुदतही सरली. आता सगळ्यांची नजर वळली शेलकडे. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी या भागात पसरलेल्या सरोवराच्या तळाशी शेवाळ आणि चिखल साचून झालेला हा थरांचा खडक. टॉर्बनाइटच्या मानाने त्यात तेल बरेच कमी, पण साठा भरपूर.

त्या शेलसाठी 1865 मध्ये अ‍ॅडीवेलचा कारखाना सुरू झाला. कोनशिला बसवली लिव्हिंग्स्टन यांनी. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे, कारण त्याच वर्षी सप्टेंबरात ते मुंबईत उतरले होते. नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत होती. त्यांतल्या काही तरुणांना बरोबर घेऊन ते अखेरच्या मोहिमेवर निघाले. मोहिमेला यंग यांनी 1000 पौंड दिले होते. शेलच्या तेलाचा पैसा असा नाशिकच्या मुलांच्या वाटेला लागला. 1874 मध्ये लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव इंग्लंडला पोहोचले, तेव्हा सोबत जेकब वेनराइट होता, नाशिकच्या शाळेतला.

इकडे अ‍ॅडीवेलमध्ये कंपनीने कामगारांसाठी घरांच्या रांगा बांधल्या. आयर्लंडहून आलेली माणसे मोठ्या संख्येने शेलच्या गावांत स्थिरावली. घर कंपनीचे, म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेले. शेजारच्या ब्रॉक्सबर्नमध्ये 1887 च्या संपात कुटुंबांना घराबाहेर काढण्यात आले. शेलच्या इतिहासात तेलाचे गॅलन मोजले जातात, तेव्हा हा हिशेबही मांडायला हवा.

1859 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलविहीर लागली होती. तिथले स्वस्त रॉकेल आले आणि स्कॉटलंडच्या अनेक लहान कंपन्या बुडाल्या. उरल्या त्यांना तारले ते नुसत्या तेलाने नव्हे. मेणबत्तीचे मेण, यंत्रांचे वंगण आणि भट्टीत वाफ सोडून मिळणारे अमोनियम सल्फेट हे खत विकून त्यांनी खर्च भागवला. माझ्या मते या उद्योगाची खरी हुशारी इथेच दिसते. 1913 मध्ये तर वर्षाला 30 लाख टनांहून अधिक शेल निघत होता आणि सुमारे 10000 माणसे या धंद्यात होती.

मग महायुद्ध झाले आणि इराणचे तेल आले. 1919 मध्ये उरलेल्या कंपन्या स्कॉटिश ऑइल्स या नावाखाली अँग्लो-पर्शियन कंपनीच्या ताब्यात गेल्या. आयात तेलावरच्या करातून मिळणाऱ्या सवलतीवर धंदा पुढे तग धरून राहिला. माणसे मात्र तशीच जमिनीखाली उतरत होती. 10 जानेवारी 1947 रोजी अ‍ॅडीवेलच्या शेजारच्या वेस्ट कॅल्डरमध्ये बर्नग्रेंज खाणीत स्फोट होऊन आग लागली आणि 15 जण दगावले. 1962 मध्ये हा उद्योग संपला.

राहिले ते ‘बिंग’. तेल काढल्यावर खडकाचा बहुतेक भाग चोथा म्हणून उरे आणि गावाबाहेर त्याचे तांबडे डोंगर वाढत जात. कित्येक बिंगांची माती रस्त्यांच्या भरावाला आणि विटांना गेली. वेस्ट कॅल्डरजवळच्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ या पाच टेकड्यांना मात्र सरकारने संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला आहे. अ‍ॅडीवेलचा बिंग आता वन्यजीव संस्थेच्या देखरेखीखाली असून त्यावर झाडी वाढली आहे.