पिंगुळीची चित्रकथी आणि परशुराम गंगावणे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे परशुराम विश्राम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा चित्रकथी हा शब्द अनेकांच्या कानांवर प्रथमच पडला. ही परंपरा मात्र फार जुनी आहे. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या कलावंतांचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आढळतो. पिंगुळीत ती ठाकर समाजाने जपली आणि सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयामुळे तिला बळ मिळाले.

चित्रकथी म्हणजे केवळ चित्र नव्हे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची सुटी चित्रे एकत्र ठेवली की त्यांची पोथी होते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी मांडी घालून बसतो, समोरच्या फळीला टेकवून एकेक चित्र उभे करतो आणि वीणा, टाळ व हुडूक (डमरूसारखे छोटे चर्मवाद्य) यांच्या साथीने गात-बोलत प्रसंग पुढे नेतो. मोठ्या डोळ्यांच्या, बहुतेक एका बाजूने रेखाटलेल्या त्या आकृत्या गायनाविना अपुऱ्याच राहतात, आणि म्हणूनच चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या चित्राने ही कला वाचली असे म्हणता येत नाही.

संस्थानी आश्रय संपला, पुढे सिनेमा आणि दूरदर्शन आले, तसा प्रेक्षक ओसरला. जुन्या पोथ्यांतील कितीतरी चित्रे संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रे असून ती बराच काळ ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली गेली.

या पडत्या काळात गंगावणे यांनी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी यांचे खेळ चालू ठेवले. 2006 मध्ये त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. तेथे बाहुल्या, चित्रे आणि वाद्ये पाहता येतात, शिवाय प्रत्यक्ष खेळही होतो. कुटुंबाची कला बाहेरच्यांनाही दाखवण्याचा आणि शिकवण्याचा हा निर्णय मला त्यांच्या कार्यातील सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांची मुले आज हेच काम करीत आहेत आणि पिंगुळीला येणाऱ्यांसमोर पोथी आजही गाऊनच उलगडली जाते.