व्ह्यूज वेगळे, प्रेक्षक वेगळा

यूट्यूबवर रांगोळीच्या व्हिडिओंचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिल्यात एखादा कलाकार सभागृहाच्या फरशीवर शिवाजी महाराजांचं भव्य व्यक्तिचित्र साकारतो. दहा-बारा तासांचं काम पन्नास सेकंदांत पळवलेलं असतं. शेवटी डोळ्यांतली चमक भरली जाते आणि खाली 'जय शिवराय'च्या कमेंटची रीघ लागते. दुसऱ्यात फक्त एक हात दिसतो. गेरूने सारवलेली जागा, त्यावर ठिपके: मधल्या ओळीत सात, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. चिमटीतून सुटणारी पांढरी रेघ, चार मिनिटांत पाकळ्या पूर्ण, वर हळद-कुंकू. व्हिडिओचं नावही सरळ: '7 ते 4 ठिपक्यांची सोपी रांगोळी'.

पहिल्याला आठवड्याभरात लाखो व्ह्यूज पडू शकतात, दुसरा काही हजारांवर रेंगाळतो. त्यावरून पहिल्याचा प्रेक्षकवर्ग मोठा, असं आपण धरून चालतो. नवीन चॅनल सुरू करणाऱ्यांची निम्मी दमछाक या एका समजुतीतून होते, असं माझं ठाम मत आहे. व्ह्यूज म्हणजे व्हिडिओ किती वेळा लागला. प्रेक्षक म्हणजे तुमचा पुढचा व्हिडिओ ज्यांना हवा आहे अशी माणसं. दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसतात, एकमेकांना मदतही करतात, पण पहिल्याचा ढीग लावला म्हणून दुसरं आपोआप तयार होत नाही.

व्यक्तिचित्राचा व्हिडिओ पाहणारा माणूस मनापासून 'वा!' म्हणतो आणि अंगठा वर सरकवतो. ती दाद खरी असते. पण संध्याकाळी त्याला विचारलं, की कोणत्या चॅनलवर पाहिलंस, तर नाव सांगता येत नाही. त्या कलाकाराकडे परत जाण्याचं कारणच त्याच्यापाशी नाही. सात-चारची रांगोळी पाहणारी बाई मात्र व्हिडिओ मध्येच थांबवते, ठिपके मोजते, स्क्रीनशॉट काढते आणि सकाळी दारात तीच रांगोळी काढते. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तिला पुन्हा काहीतरी हवं असतं. तुळशीच्या लग्नाला हवं असतं, दिवाळीत तर पाच दिवस रोज हवं असतं. ती परत येते, कारण तिचं काम अजून संपलेलं नाही.

आकडा काय मोजतो

व्ह्यू म्हणजे नेमकं काय, हे नियमही सारखे बदलत असतात. यूट्यूबने 2012 मध्येच शिफारशी करताना नुसत्या क्लिकपेक्षा लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, कारण भडक थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) लावून क्लिक मिळवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. शॉर्ट्सच्या, म्हणजे यूट्यूबवरच्या उभ्या छोट्या व्हिडिओंच्या बाबतीत 31 मार्च 2025 पासून उलट दिशेचा बदल झाला. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा लागला, की एक व्ह्यू. किती सेकंद पाहिला याची अट नाही. म्हणजे बोट सरकवता सरकवता नजरेखालून गेलेला शॉर्टसुद्धा मोजणीत येतो. ज्यांनी खरोखर थांबून पाहिलं त्यांचा आकडा 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने वेगळा मिळतो, आणि कमाईसाठी व कमाईच्या पात्रतेसाठी तोच धरला जातो. एप्रिल 2025 मध्ये तुमच्या शॉर्ट्सचे व्ह्यूज एकदम उसळलेले दिसत असतील, तर पेढे वाटण्याआधी एंगेज्ड व्ह्यूज उघडून बघा.

प्रेक्षक मोजायची जागा वेगळी आहे. यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनलवाल्यांना आपले आकडे दाखवणारी जागा, तिथल्या 'ऑडियन्स' टॅबमध्ये आता पाहणाऱ्यांचे तीन गट दिसतात: नवे, अधूनमधून येणारे आणि नियमित. गेल्या वर्षभरात सहा किंवा अधिक महिने जो तुमच्याकडे फिरकला, तो नियमित. एक ते पाच महिने आला, तो अधूनमधूनचा. नियमित गटाची ही व्याख्या मला फार योग्य वाटते, कारण तिथे एका रात्रीच्या लाटेला काही किंमत उरत नाही. एखाद्या शॉर्टला चाळीस लाख व्ह्यूज पडले तरी त्या महिन्यात नियमितांची रेघ जागची हलत नाही. ती हललीच, तर सहा महिन्यांनी.

सबस्क्रायबरचा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी लटकलेला असतो. बटण दाबणं फुकट आहे आणि दाबलेलं विसरणं त्याहून सोपं. आपण स्वतः किती चॅनल सबस्क्राइब करून ठेवले आहेत आणि त्यातले किती गेल्या महिन्यात उघडले, हे आठवून पाहिलं तरी पुरे. तेव्हा लाखाची पाटी दिसली म्हणून लाखभर लोक वाट पाहत बसलेत असं समजू नये.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी आपल्या यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. यात्रेच्या रात्री मैदान तुडुंब भरतं, पण ती गर्दी मुळात देवाच्या नावाने जमलेली असते. फडाला त्या रात्री गर्दी मिळाली एवढंच. पुढच्या पाडव्याला तेच गाव बाकीच्या राहुट्या ओलांडून त्याच फडाकडे सुपारी घेऊन आलं, तर ते गाव त्या फडाचं झालं. शॉर्ट्सच्या फीडमधली गर्दी अशीच फीडच्या नावाने जमलेली असते. तुमच्यासाठी म्हणून आलेली माणसं त्यात किती, हे पुढच्या फेरीला कळतं.

साधेपणा का टिकतो

प्रेक्षक जमवण्यासाठी साधा मजकूर जास्त उपयोगी पडतो, असं मी अनेकांना सांगतो आणि बहुतेकांना ते पटत नाही. त्यांना वाटतं, साधं म्हणजे कमी दर्जाचं. पण याचा संबंध आधी बनवणाऱ्याच्या दमाशी आहे. दहा तासांचं व्यक्तिचित्र महिन्यातून किती वेळा काढणार? जागा हवी, रंग हवेत, मदतीला माणूस हवा आणि पाठ शाबूत हवी. चार मिनिटांची रांगोळी अंगण झाडल्यावर रोज निघते. मोबाइल स्टँडवर वरून लावलेला, उजेड सकाळचा, आवाजाची गरज नाही. ज्या कामाचा शीण येत नाही तेच काम दोन वर्षं चालतं, आणि प्रेक्षक तयार व्हायला साधारण तेवढाच काळ द्यावा लागतो.

दुसरी बाजू पाहणाऱ्याची. साध्या व्हिडिओत काय मिळणार हे आधीच ठाऊक असतं आणि ते दर वेळी मिळतं. ठिपके किती, ओळी किती, वेळ किती, रांगोळी जमेल की नाही, सगळं शीर्षकातच कळतं. अशा भरवशाला लोक फार मान देतात. शिवाय हा व्हिडिओ शिळा होत नाही. 'तुळशी विवाह सोपी रांगोळी' हा व्हिडिओ कार्तिकात वर येतो, मग झोपतो, पुढच्या कार्तिकात पुन्हा शोधला जातो. व्हायरल व्हिडिओचा आलेख एक उंच सुळका दाखवून सपाट होतो. याचा आलेख दर वर्षी त्याच आठवड्यात फुगतो, आणि चॅनल वाढत असेल तर आधीच्या वर्षीपेक्षा थोडा जास्त.

मात्र लोक केवळ उपयोगासाठीच परत येतात असं नाही. मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेत असताना स्वयंपाकाचे व्हिडिओ करायला घेतले. आज मराठी घरांत एखाद्या पदार्थाचं प्रमाण अडलं की त्यांचा व्हिडिओ उघडला जातो, तो उपयोगाचा प्रेक्षक. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनल चालवू लागल्या, तेव्हा त्यांची पाककृती काही जगावेगळी नव्हती. घरोघरी होते तशी भाजी. लोक थांबले ते आजींच्या बोलण्यासाठी, त्यांच्या गावरान ढंगासाठी. त्यातल्या कितीतरी जणांनी ती भाजी कधी केलीही नसेल. तरी ते प्रेक्षकच, कारण ते आजींकडे येतात. कारण उपयोगाचं असो की माणसाचं, परत येण्याचं काहीतरी कारण असलं की झालं.

उधारीची गर्दी

व्ह्यूज आणि प्रेक्षक यांतला फरक महाराष्ट्रातल्या शेकडो तरुणांना एका रात्रीत कळला. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. शेताच्या बांधावर, एसटी स्टँडवर, गोठ्यात व्हिडिओ करून ज्यांनी लाखो फॉलोअर मिळवले होते त्यांचा आकडा गेला, व्हिडिओ गेले, कमेंट गेल्या. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातूनच सुरू केली, आणि सगळ्यांना पहिल्या पायरीपासून चढावं लागलं. ज्यांचे व्हिडिओ कुणाच्याही गाण्यावर कुणीही केलेल्या अभिनयासारखे होते, त्यांना लोकांनी शोधायचं कसं? ज्यांचं एखादं पात्र, बोलीतली लकब किंवा गावच्या कट्ट्यावरची ठरलेली जोडी लोकांच्या तोंडी होती, त्यांना निदान नावाने हुडकता येत होतं. फॉलोअर अ‍ॅपबरोबर बुडतात. ओळख दुसऱ्या ठिकाणी नेता येते.

पैशाचा हिशेब तर याहून सरळ आहे आणि तो नवख्यांनी कागदावर मांडून बघावाच. यूट्यूबच्या जाहिरातींत पूर्ण वाटा मिळण्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि त्यासोबत दोनपैकी एक अट पूर्ण करावी लागते: गेल्या 12 महिन्यांत मोठ्या व्हिडिओंचे 4,000 तास पाहिले गेलेले असणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिला गेलेला वेळ त्या 4,000 तासांत धरत नाहीत. आता 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. एका रांगोळीचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं पाहत असतील, तर वर्षाला 60,000 व्ह्यूज लागतात, म्हणजे महिन्याला 5,000. हजार नियमित माणसांनी महिन्याला पाच व्हिडिओ पाहिले की झाले. दुसऱ्या वाटेने जायचं तर सलग तीन महिने रोज सरासरी एक लाख अकरा हजार व्ह्यूज हवेत, तेही एंगेज्ड. दार एकच, पण एका बाजूने हजार माणसांत पोहोचता येतं आणि दुसऱ्या बाजूने कोटीची गर्दी लागते. आत गेल्यावरही मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले 55 टक्के बनवणाऱ्याला मिळतात. शॉर्ट्सवर त्याच्या नावे निघालेल्या रकमेचे 45 टक्के.

हे वाचून शॉर्ट्स सोडून द्यावेत असं कुणी समजू नये. नवा माणूस दारापर्यंत आणायला शॉर्ट्ससारखं साधन नाही. चूक होते ती दोन्हीकडे वेगळाच माल ठेवण्यात. शॉर्टमध्ये नाचायचं आणि मोठ्या व्हिडिओत रांगोळी शिकवायची, मग नाचासाठी आलेले लोक रांगोळी का बघतील? व्यक्तिचित्र काढणाऱ्या कलाकारालाही प्रेक्षक मिळवता येतो. पन्नास सेकंदांचा थक्क करणारा शॉर्ट ठेवावा आणि त्याच चित्रातला एकेक तुकडा मोठ्या व्हिडिओत सावकाश उलगडावा: चाळणीने रंग एकसारखा कसा पसरवायचा, मिशीची एक बट बोटातून कशी सोडायची, जिरेटोपावरची छटा आधी भरायची की नंतर. शॉर्टला आपला संबंधित व्हिडिओ जोडण्याची सोय यूट्यूबने दिलेली आहे, पण मोठ्या चॅनलवरही ती रिकामी पडलेली दिसते. ती भरावी. मग महिन्यातून एकदा ऑडियन्स टॅब उघडून, शॉर्टवरून आलेल्या नव्यांपैकी अधूनमधूनच्या गटात कितीजण उतरले असावेत, एवढंच बघावं. तो गट तीन-चार महिने हलत नसेल, तर शॉर्ट्सची संख्या वाढवण्याआधी जोडलेला व्हिडिओ बदलावा.