अ‍ॅनलॉग आणि डिजिटल रिपीटर जोडताना : हॅम क्लबांसाठी माहितीपत्रक

बऱ्याच हॅम (हौशी रेडिओ) क्लबांत आज एकच चित्र दिसते. डोंगरावर एफएमचा जुना, भरवशाचा रिपीटर (आलेला आवाज पुन्हा दूरवर प्रसारित करणारे केंद्र) आहे. ज्येष्ठ सभासद त्यावरच बोलतात. नव्या सभासदांनी डीएमआर या डिजिटल पद्धतीचे हँडी (हातातले सेट) घेतले, घरी हॉटस्पॉट (इंटरनेटला जोडलेला छोटा रेडिओ) लावला आणि ते तिकडे रमले. सकाळच्या नेटला (रेडिओवरच्या ठरलेल्या सभेला) निम्मी मंडळी इकडे, निम्मी तिकडे. मग अशा जोडण्या करून देणाऱ्या आम्हाला कोणीतरी विचारते, ‘हे दोन्ही जोडता येईल का?’

येते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअरही मोफत आहे आणि त्यातले बरेचसे मुक्त स्रोत आहे. पण काम हातात घेण्याआधी आमची एक अट असते : जोडणी तुटली तरी डोंगरावरचा रिपीटर आपल्यापुरता चालू राहिला पाहिजे. हे पत्रक त्या अटीभोवतीच लिहिले आहे.

‘मिक्स मोड’ म्हणजे जोडणी नव्हे

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून तो आधी दूर करू. जोनाथन नेलर यांनी लिहिलेले एमएमडीव्हीएम हे सॉफ्टवेअर एकाच रिपीटरवर डी-स्टार, डीएमआर, सी४एफएम, पी२५, एनएक्सडीएन असे अनेक डिजिटल मोड (पद्धती) चालवते आणि २०२० पासून त्यात एफएमही आहे. असा रिपीटर एफएम आला तर एफएम परत पाठवतो, डीएमआर आला तर डीएमआर. फ्रीक्वेन्सी एकच, पण मोड पाळीपाळीने. एफएमचा सेट घेऊन बसलेल्या माणसाला डीएमआरवाल्याचे बोलणे त्यात ऐकू येत नाही, नुसता खरखराट ऐकू येतो. (सेटवर टोन स्क्वेल्च, म्हणजे ठरलेला टोन आल्याशिवाय आवाज न सोडणारी सोय, लावलेला असेल तर तोही नाही.) दोघांनी एकमेकांशी बोलायचे असेल तर मध्ये आवाजाचे रूपांतर व्हावे लागते आणि ते वेगळे काम आहे.

आणखी एक. बाजारात मिळणारे छोटे हॉटस्पॉट बोर्ड एडीएफ७०२१ या चिपवर असतात. त्यांवर एमएमडीव्हीएमचा एफएम मोड चालत नाही. त्यासाठी खऱ्या रेडिओला जोडायचा एसटीएम३२ प्रकारचा मोडेम बोर्ड लागतो. हॉटस्पॉट विकत घेऊन ‘यावर रिपीटर करून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

रूपांतर कुठे आणि कसे होते

एफएममध्ये आवाजाच्या चढउताराप्रमाणे फ्रीक्वेन्सी थेट हलते. डीएमआरमध्ये आवाज आधी व्होकोडरमधून, म्हणजे तो थोड्या बिटांत बांधणाऱ्या साधनातून, जातो. कच्चा डिजिटल आवाज सेकंदाला १,२८,००० बिट घेतो. एएमबीई+२ व्होकोडर तो २,४५० बिटांवर आणतो. चूकसुधारणेचे बिट धरले की ३,६०० होतात. मग साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनेलवर ३० मिलिसेकंदांचे दोन टाइमस्लॉट आळीपाळीने चालतात आणि दोन संभाषणे एकाच वेळी होतात.

आमच्या नेहमीच्या मांडणीत डोंगरावर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असतो आणि त्यावर ऑलस्टारलिंक हे रिपीटर जोडणारे सॉफ्टवेअर. ऑलस्टार हे टेलिफोन एक्स्चेंजसाठी लिहिलेल्या अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर उभे आहे. जिम डिक्सन यांनी त्यात रिपीटर नियंत्रणाचा भाग घातला आणि तोच आज जगभर चालतो. हा डोंगरावरचा नोड इंटरनेटवरून शहरातल्या दुसऱ्या संगणकाला, म्हणजे आपल्या हबला, जोडला जातो. हबवर डीव्हीस्विच हा सॉफ्टवेअरचा संच असतो. त्यातला अ‍ॅनलॉग ब्रिज ऑलस्टारकडून कच्चा आवाज घेतो, व्होकोडरकडून रूपांतर करून घेतो आणि एमएमडीव्हीएम ब्रिजच्या हाती देतो. तिथून तो ब्रँडमायस्टरसारख्या डीएमआर नेटवर्कवरच्या ठरलेल्या टॉकग्रुपवर (क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गटावर) जातो. डीएमआरवरून येणारा आवाज याच वाटेने उलटा येतो.

रूपांतरासाठी आम्ही एएमबीई-३००० चिपचा यूएसबी डोंगल वापरतो. हेच काम सॉफ्टवेअरने करून देणारी साधनेही फिरतात. पण एएमबीई+२ हे डीव्हीएसआय या अमेरिकन कंपनीचे मालकीचे तंत्र आहे. म्हणून तिथे चिपचे पैसे मोजावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक डोंगल एका वेळी एकच आवाज बदलतो, त्यामुळे दोन टॉकग्रुप एकाच वेळी जोडायचे असतील तर डोंगलही दोन. ज्यांना ही अडचणच नको, त्यांनी एम१७ कडे लक्ष ठेवावे. पोलंडमध्ये सुरू झालेला तो मोड डेव्हिड रो यांचा कोडेक२ हा व्होकोडर वापरतो, जो पूर्णपणे मुक्त आहे.

क्लबकडे एफएमऐवजी सी४एफएमचे सेट असतील आणि ते डीएमआरला जोडायचे असतील, तर काम बरेच हलके होते. सी४एफएमचा नेहमीचा डीएन मोडही एएमबीई+२ वरच चालतो. आवाज उलगडून पुन्हा बांधावा लागत नाही, फक्त त्याभोवतीचे वेष्टन बदलते. त्यामुळे डोंगल लागत नाही आणि आवाजाचा दर्जाही उतरत नाही. डी-स्टारचे तसे नाही. त्याचा व्होकोडर जुन्या पिढीचा आहे आणि तिथे पूर्ण रूपांतर करावेच लागते.

आवाजाची पातळी : आमचा सर्वाधिक वेळ इथे जातो

सॉफ्टवेअर बसवायला एक दुपार पुरते. आवाज नीट लावायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो आणि जोडणी चांगली की वाईट हे तिथेच ठरते. एफएमवर थोडा फाटका आवाज कान सांभाळून घेतो. व्होकोडर घेत नाही. तो मानवी आवाजाचा साचा गृहीत धरून चालतो. त्याला खरखर, पंख्याची घरघर किंवा फाटलेला आवाज दिला की तो त्यातूनही ‘आवाज’ शोधू पाहतो आणि पलीकडे पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येते.

म्हणून रिसीव्हरचा ऑडिओ आम्ही स्पीकरवरून घेत नाही. तो डिस्क्रिमिनेटरवरून, म्हणजे अनेक मोबाइल सेटच्या मागच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटमधल्या ९६०० च्या पिनवरून घेतो. तिथे आवाज कच्चा मिळतो, व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून राहत नाही. डी-एम्फसिस (वाढवून पाठवलेले उंच स्वर पुन्हा खाली आणणे) मग सॉफ्टवेअरमध्ये लावायचे. ते दोनदा लागले तर आवाज घोगरा होतो, अजिबात लागले नाही तर किणकिणतो. ३०० हर्ट्‌झच्या खालचा भाग गाळून टाकायचा, नाहीतर सीटीसीएसएसचा (टोन स्क्वेल्चचा) टोन व्होकोडरपर्यंत पोहोचतो. स्क्वेल्च बंद होतानाचा ‘खस्स’ आवाजही कापायचा. एफएमवर त्याची सवय झालेली असते, पण डीएमआरवर तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी कानाला बोचतो.

रिपीटरवरून डीएमआर प्रत्यक्ष प्रसारितही करायचे असेल, तर ट्रान्समीटरचे डीव्हिएशन (फ्रीक्वेन्सी किती हलते ते) २.७५ किलोहर्ट्‌झवर लावावे लागते. त्यासाठी एमएमडीव्हीएमसोबत मोजणीचे साधन येते. अंदाजाने लावलेले डीव्हिएशन जवळच्या हँडीला चालते आणि दूरच्याला चालत नाही. मग क्लबात ‘रेंज कमी झाली’ अशी तक्रार सुरू होते आणि दोष अँटेनावर जातो.

इंटरनेट जाणारच, असे धरून चला

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले. हॅम रेडिओची गरज अशाच दिवशी लागते आणि इंटरनेटवर उभी असलेली जोडणी नेमकी त्याच दिवशी गायब असते. त्यामुळे रिपीटरचे सर्व नियंत्रण डोंगरावरच राहिले पाहिजे. शहरातल्या किंवा परदेशातल्या सर्व्हरला विचारल्याशिवाय रिपीटर ‘की’ होत नाही (प्रसारण सुरू करत नाही), अशी मांडणी आम्ही करत नाही. सह्याद्रीत १,००० मीटर उंचीवरच्या अँटेनाचे रेडिओ क्षितिज साधारण १३० किलोमीटरवर असते. मध्ये दुसरी रांग आडवी आली नाही, तर एवढा टापू इंटरनेटशिवाय एकमेकांशी बोलू शकतो. ही ताकद जोडणीच्या हौसेपायी घालवू नये.

आमच्या मांडणीत हब दिसेनासा झाला की रिपीटर स्वतःच आवाजात तसे सांगतो आणि स्थानिक काम चालू ठेवतो. रास्पबेरी पायच बंद पडला तर एक साधा रिले रिपीटरला जुन्या हार्डवेअर कंट्रोलरवर नेऊन सोडतो. तो जुना कंट्रोलर काढून विकू नका, असा आमचा आग्रह असतो. शिवाय सेटच्या आकड्यांच्या बटणांवरून ठरलेला डीटीएमएफ कोड दाबून कोणताही अधिकृत सभासद जोडणी सोडवू शकतो. आपत्तीच्या नेटमध्ये बाहेरची गर्दी नको असते, तेव्हा हा कोड फार उपयोगी पडतो.

डोंगरावरच्या रास्पबेरी पायला पूर्ण करंट देणारा वीजपुरवठा द्या. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. साध्या मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा. वीज वारंवार जाते तिथे कार्ड खराब होणे ही सर्वांत नेहमीची बिघाडाची गोष्ट आहे आणि भर पावसाळ्यात त्यासाठी गड चढणे कोणालाच नको असते.

४जी राउटर आणि बंद दारे

आपल्याकडच्या मोबाइल इंटरनेटला आणि बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडलाही स्वतंत्र पब्लिक आयपी नसतो. एका पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे बाहेरून कोणी आपल्या नोडला हाक मारू शकत नाही. यावर महागडे उपाय शोधू नका. डोंगरावरच्या नोडने बाहेर हाक मारायची आणि पब्लिक आयपी असलेल्या हबने ती घ्यायची, एवढे पुरते. ऑलस्टारसाठी हबवर यूडीपी ४५६९ हे पोर्ट उघडे लागते. डेटाही फार लागत नाही. एका दिशेने तासभर सलग बोलले तरी साधारण ३५ एमबी.

टोबियास ब्लोमबर्ग यांचे एसव्हीएक्सलिंक हे ऑलस्टारसारखेच सॉफ्टवेअर याच विचाराने बांधलेले आहे. त्याचे सगळे नोड स्वतः होऊन रिफ्लेक्टरला (मधल्या सर्व्हरला) जोडतात. त्यात इकोलिंक ही इंटरनेटवरून बोलण्याची सोयही आहे, त्यामुळे पुण्याहून दुबईला किंवा न्यू जर्सीला गेलेला परवानाधारक सभासद मोबाइलवरून नेटला हजर राहू शकतो. आपल्या क्लबात एसव्हीएक्सलिंक आधीच नीट चालत असेल, तर ते काढून ऑलस्टार बसवा असे आम्ही कधीच सांगणार नाही.

जोडल्यानंतर बोलण्याची शिस्त

आवाज इतक्या टप्प्यांतून जातो की पलीकडे उशिराने पोहोचणारच. पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलायला लागा, नाहीतर कॉलसाइनची (आपल्या परवान्याच्या ओळखचिन्हाची) सुरुवातच कापली जाते. दोन बोलण्यांमध्ये नेहमीपेक्षा मोठी फट ठेवा. डीएमआरवाल्याला तेवढीच संधी मिळते.

डीएमआर सेटच्या पडद्यावर एफएमवरच्या माणसाचे नाव येत नाही, ब्रिजची ओळख येते. त्यामुळे एफएमवाल्यांनी कॉलसाइन तोंडाने सांगणे आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे आहे.

टॉकग्रुप विचार करून निवडा. ९१ हा जागतिक टॉकग्रुप चोवीस तास एफएम रिपीटरवर सोडला तर स्थानिक माणसाला बोलायला जागाच उरत नाही आणि ट्रान्समीटर दिवसभर तापत राहतो. क्लबचा स्वतःचा टॉकग्रुप कायम जोडावा. ४०४ हा भारताचा टॉकग्रुप नेटच्या वेळेपुरता घ्यावा. आणि कोणत्याही दोन नेटवर्कमध्ये जोड एकच ठेवा. उत्साहाच्या भरात दुसऱ्या सभासदाने घरून तेच दोन टोक जोडले, तर आवाज गोल फिरत राहतो आणि दोन्हीकडचे रिपीटर टाइमआउट होईपर्यंत ‘की’ झालेलेच राहतात.

परवाना

रिपीटरचा परवाना आणि इंटरनेटशी जोडणी, दोन्हींबाबत डब्ल्यूपीसीच्या (केंद्र सरकारच्या वायरलेस परवाना विभागाच्या) अटी आधी पाहा आणि शंका असेल तिथे लेखी खुलासा घ्या. कागद पाहिल्याशिवाय आम्ही ट्रान्समीटरला हात लावत नाही. डीएमआर सेटमध्ये एन्क्रिप्शनची सोय असते, ती हौशी बँडवर वापरायची नाही. ब्रिजच्या बाजूने कोण बोलू शकते यावर क्लबचे नियंत्रण हवे आणि त्यासाठी एक जबाबदार परवानाधारक नेमलेला हवा.

आमचे काम संपल्यावर

सगळी मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत असते. त्या फायली, सर्व पासवर्ड आणि संपूर्ण प्रणालीची एक प्रत आम्ही क्लबच्या हाती देतो. पुढे दुरुस्ती आमच्याकडूनच करून घ्यावी असे बंधन नाही. मुक्त स्रोताचा ग्राहकाला होणारा खरा फायदा हाच आहे, म्हणून क्लबातल्या दोन तरुण सभासदांनी काम चालू असताना आमच्यासोबत बसावे अशी विनंती आम्ही करतो.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर आधी डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणे आणि ऐकणे वेगळे ठेवणारा फिल्टर) आणि अँटेनाची अवस्था कळवा. २ मीटरवर ६०० किलोहर्ट्‌झच्या अंतराने पाठवणे आणि ऐकणे एकाच वेळी करायचे तर डुप्लेक्सरमध्ये चांगल्या कॅव्हिटी (धातूचे फिल्टर डबे) लागतात आणि पैसा तिथेच जातो, संगणकावर नाही. त्यासोबत रिपीटरच्या सेटचे मॉडेल, डोंगरावर कोणत्या कंपनीचे ४जी पकडते, वीज दिवसातून किती वेळ असते आणि सभासदांकडे कोणत्या मोडचे किती सेट आहेत, एवढे लिहून पाठवा. जागेची पाहणी आम्ही शक्यतो पावसाळ्याआधी करतो.