कॅमेरा घेताना छिद्र मोजा

कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, झूम किती पट तेही असतं. पण अंधारात फोटो कसा येईल, लांबचा पक्षी किती स्पष्ट दिसेल, हे ज्या आकड्यावर ठरतं तो आकडा खोक्यावर कुठेच नसतो. तो आपल्याला काढावा लागतो, आणि भागाकार येणाऱ्या कोणालाही तो काढता येतो. खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घ्यावा की लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला सुरुवातीच्या दर्जाचा मिररलेस, या प्रश्नाचं माझं उत्तर याच आकड्यावर उभं आहे.

लेन्सच्या कडेवर काही आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, '१६-५०, ३.५-५.६'. पहिली जोडी नाभीय अंतराची, म्हणजे फोकल लेंग्थची, मिलिमीटरमध्ये. दुसरी जोडी एफ-क्रमांकाची. प्रत्येक जोडीतला पहिला आकडा झूम न ओढतानाचा, दुसरा पूर्ण ओढल्यावरचा. नाभीय अंतराला एफ-क्रमांकाने भागलं, की समोरून पाहताना लेन्समधून प्रकाश आत येण्याचं छिद्र किती रुंद आहे ते कळतं. ५० भागिले ५.६ म्हणजे साधारण ८.९ मिमी. हाच तो आकडा.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, याचं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं, की प्रकाश पुड्यापुड्यांनी पोचतो. या पुड्यांना आपण फोटॉन म्हणतो. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसवलेली प्रकाश टिपणारी चिप, हे फोटॉनच मोजत असतो, आणि ते एकसारखे पडत नाहीत. गडचिरोली-गोंदियाकडे धान आवत्या पद्धतीने फेकून पेरतात. मूठभर बी फेकलं तर एका हातभर जागेत दहा दाणे पडतात, शेजारी सहाच. बी भरपूर असेल तर हा फरक डोळ्याला जाणवेनासा होतो. फोटॉनचंही तसंच आहे. सेन्सरवरच्या एका पिक्सेलवर, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यावर, सरासरी १०० फोटॉन पडणार असतील, तर खरा आकडा १० ने इकडेतिकडे होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडणार असतील तर १०० ने, म्हणजे एकच टक्का. अंधारातल्या फोटोवर जी रवाळ खरखर दिसते, तिचा मोठा भाग हाच फरक असतो. तो यंत्रातला दोष नसून प्रकाशातच आहे, आणि त्याच्यावर खात्रीचा इलाज एकच: जास्त फोटॉन आत घ्या. चौकट, म्हणजे फोटोत येणारा भाग, तीच आणि शटर उघडा राहण्याची वेळ तीच ठेवली, तर किती फोटॉन आत येणार हे छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतं.

आता दोन कॅमेरे शेजारी ठेवू. पहिला सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतला तिसरा कॉम्पॅक्ट, २०१४ चा. त्याचा सेन्सर 'एक इंची' म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी आहे. लेन्स ८.८ ते २५.७ मिमी, एफ १.८ ते २.८. दुसरा एपीएस-सी या आकाराच्या सेन्सरचा कोणताही प्राथमिक मिररलेस, सोबत वर सांगितलेली १६-५० ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स. त्याचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे ३६७ चौरस मिमी; तिपटीहून मोठा. दोघांत दिसणारी चौकट जवळपास सारखीच.

भागाकार करा. झूम न ओढता कॉम्पॅक्टचं छिद्र ४.९ मिमी, मिररलेसचं ४.६. झूम पूर्ण ओढल्यावर कॉम्पॅक्टचं ९.२, मिररलेसचं ८.९. म्हणजे गळ्यात अडकवण्याच्या कॅमेऱ्यात जेवढा प्रकाश शिरतो, तेवढाच, खरं तर कणभर जास्त, शर्टाच्या खिशातल्या कॅमेऱ्यात शिरतो. मोठा सेन्सर तो प्रकाश फक्त जास्त जागेवर पसरवतो. हा हिशेब कोणत्याच दुकानात सांगितला जात नाही, आणि तो न कळल्यामुळे किती तरी मुलं मोठा कॅमेरा घेतात, किट लेन्स त्याच्यावरून कधी काढत नाहीत, आणि मोबाइलपेक्षा फार काही वेगळं येत नाही म्हणून वर्षभरात तो कपाटात ठेवून देतात.

मोठ्या सेन्सरला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. ते भर उन्हात मिळतं. तिथे प्रकाशाची कमतरता नसते, कमतरता असते ती साठवायच्या जागेची. पिक्सेल भरला की पुढचे फोटॉन वाया जातात, तिथे नुसता पांढरा डाग उरतो. मोठ्या सेन्सरमध्ये एकूण साठवण जास्त, त्यामुळे दुपारी फुटलेल्या कापसाचा पांढरेपणा आणि शेजारी कडुनिंबाखाली बसलेल्या वेचणाऱ्या बायांचे चेहरे, दोन्ही एकाच फोटोत टिकण्याची शक्यता वाढते. हा फायदा खरा आहे. पण फक्त त्यासाठी दुप्पट वजन वागवावं असं मला वाटत नाही.

मिररलेस घ्यायचा तो दुसऱ्या लेन्ससाठी.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. मंचावर दिवे असतात, पण ते कॅमेऱ्याच्या दृष्टीने अंधूकच. किट लेन्स ५० मिमीला ओढली तर छिद्र ८.९ मिमी. तिच्याऐवजी ५० मिमी, एफ १.८ ची झूम नसलेली लेन्स लावली तर छिद्र २७.८ मिमी. क्षेत्रफळात हा फरक जवळजवळ दहा पट पडतो. ज्या उजेडात किट लेन्सला १/२० सेकंद लागेल आणि नटाचा उचललेला हात पुसट होईल, तिथे १/२०० सेकंदात काम होतं. कोणताही कॉम्पॅक्ट इथे जवळपास येऊ शकत नाही, कारण २८ मिमीचं छिद्र खिशात मावतच नाही. अशी लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते.

एक बारकावा मंचाजवळ बसणाऱ्यांसाठी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही. पण कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतो, आणि काही ओळी नेमक्या मिणमिणीच्या अंधाऱ्या क्षणी वाचल्या जातात. फोटोवर आडव्या काळपट पट्ट्या येतात. शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवला, की प्रत्येक ओळीला मिणमिणीची पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्ट्या जातात. यांत्रिक शटर असेल तर तोच वापरावा.

आता पक्षी. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात टिकून आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांध्यांत घरटं करतो, आणि तेव्हा त्याच्याजवळ जाणं म्हणजे अंडी धोक्यात घालणं. १०० मीटर दुरूनच फोटो घ्यावा. पक्षी १.६ मीटर उंच धरू. किट लेन्सच्या ५० मिमीने त्याची प्रतिमा सेन्सरवर जेमतेम ०.८ मिमी पडते. त्यातून सारस आहे एवढंच कळेल. इथे लोक दोन वाटा धरतात. एक, ३० पट झूमचा छोटा कॉम्पॅक्ट. त्याचा सेन्सर ६.२ × ४.६ मिमीच्या आसपास, लेन्स १२९ मिमीपर्यंत, एफ ६.४. दुसरी, मिररलेसवर २१० मिमी, एफ ६.३ ची लांब लेन्स. मागच्या पडद्यावर पाहिलं तर कॉम्पॅक्ट जिंकलेला दिसतो, कारण सारस जवळपास अर्धी चौकट उंची भरतो, आणि मिररलेसमध्ये पाचवा हिस्साच.

पडद्यावरून ठरवू नका. कितीही चांगल्या काचेतून आलेला प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही. छिद्राच्या कडेवरून जाताना प्रकाशलहरी पसरतात आणि बिंदूची एक छोटी चकती होते. एफ ६.४ ला हिरव्या प्रकाशासाठी ती सुमारे ८.६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद असते. त्या छोट्या कॉम्पॅक्टचा एक पिक्सेल १.२ मायक्रॉनचा. म्हणजे एका चकतीखाली आडवे सात पिक्सेल झाकले जातात. २ कोटी पिक्सेल आहेत, पण वेगळी माहिती देणारे फार थोडे. सारसाची उंची अशा चकत्यांत मोजली तर कॉम्पॅक्टमध्ये साधारण २४० भरतात, मिररलेसमध्ये ४००. पुन्हा भागाकार करून पाहा: १२९ भागिले ६.४ म्हणजे २० मिमी, २१० भागिले ६.३ म्हणजे ३३ मिमी. चकत्यांचं प्रमाण छिद्रांच्या प्रमाणाइतकंच आहे. तपशीलही छिद्रच ठरवतं.

तरीही मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर रोज सकाळी चालत जाणाऱ्याला, पक्ष्यांची नोंद ठेवायची आहे एवढाच हेतू असेल तर, मी ३० पट झूमवाला कॉम्पॅक्टच सुचवेन. २४० चकत्यांत पायाचा लाल रंग, मानेचा पट्टा, पिलाचं डोकं ओळखता येतं, आणि नोंदीला तेवढं पुरतं. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातल्या सफारीत मोबाइल वापरू देत नाहीत, तिथेही हा कॅमेरा उपयोगी पडतो. मात्र उन्हाळ्यात नऊच्या पुढे लांबचा फोटो कोणत्याच कॅमेऱ्याने चांगला येणार नाही. तापलेल्या काळ्या जमिनीवरची हवा उकळल्यासारखी हलते, तिच्या थरांची घनता क्षणाक्षणाला बदलते आणि प्रकाश वाकत राहतो. तेव्हा महाग लेन्सचा दोष काढू नये, पहाटे निघावं.

लहान छिद्र हीच जिथे जमेची बाजू ठरते, असंही एक काम वावरातच आहे. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली तरी १२ मिमीच्या आसपास असते. बोंड उकलून तिचा फोटो कृषी सहायकाला पाठवायचा तर अळी, विष्ठा आणि सरकीवरचं छिद्र, सगळं एकाच वेळी स्पष्ट हवं. लेन्सचं छिद्र जितकं लहान तितका पुढचा-मागचा जास्त भाग स्पष्ट येतो. छोट्या सेन्सरच्या कॉम्पॅक्टला हे आपोआप साधतं, शिवाय त्यांतले पुष्कळसे पाच सेंटिमीटरवरूनही फोकस करतात. मिररलेसला यासाठी अगदी जवळून फोटो घेणारी वेगळी मॅक्रो लेन्स लागते. पीक नोंदीसाठी आणि रोगकिडीसाठी कॅमेरा घेणाऱ्याने मोठ्या सेन्सरच्या मागे लागू नये.

धूळ आणि ऊन यांचा विचार मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत फारसा नसतो, आपल्याला तो आधी करावा लागतो. मिररलेसमध्ये आरसा नाही. जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांमध्ये, लेन्सच्या बसणीपासून फिल्मपर्यंत आरशासाठी ४४ मिमीच्या आसपास जागा सोडलेली असे. आरसा काढल्यावर ती १६ ते २० मिमीवर आली. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी १ हा कॅमेरा आणला तेव्हापासून ही रचना रुजली. फायदा असा, की मोकळ्या झालेल्या जागेत एक साधी कडी बसवून जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स वापरता येते. तालुक्याच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत ५० मिमी, एफ १.८ ची जुनी लेन्स आजही सापडू शकते. फोकस हाताने करावा लागतो, छिद्र मात्र तेच २७.८ मिमी. तोटा असा, की लेन्स काढली की सेन्सर समोरच उघडा पडतो. सोयाबीनची मळणी चालू असताना धुऱ्यावर उभं राहून लेन्स बदलू नका. घरात, कॅमेरा खाली तोंड करून, पंखा बंद ठेवून बदला.

कॉम्पॅक्टला धुळीची भीती नाही असं मात्र समजू नये. त्याची लेन्स बाहेर येते तेव्हा आतली पोकळी वाढते आणि नळ्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सोबत धूळही. मिररलेसचा सेन्सर रबरी फुंकणीने साफ होतो. कॉम्पॅक्टमध्ये शिरलेला कण काढायला तो पूर्ण खोलावा लागतो, आणि ते काम करणारा माणूस नागपूरशिवाय मिळणं कठीण.

बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअससाठी बनवलेले असतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा मे महिना ४५ च्या पुढे जातो. दुचाकीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. रात्रीही उष्णता त्रास देतेच: सिलिकॉनमध्ये प्रकाश नसतानाही उष्णतेने विद्युतकण सुटतात, आणि दर ६ ते ८ अंशांना त्यांचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. लोणारच्या काठावर ताऱ्यांचा दीर्घ फोटो डिसेंबरच्या १२ अंशांत घेतला आणि मे महिन्याच्या ३० अंशांत घेतला, तर खरखर वाढवणाऱ्या या विद्युतकणांचं प्रमाण पाच ते आठ पटींनी वेगळं असतं.

तर घ्यावा कोणता? पुढच्या दोन वर्षांत दुसरी लेन्स घेण्याची खरोखर तयारी नसेल, तर मिररलेस घेऊ नका, एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्या. नाटक, लग्न, घरातली माणसं हा तुमचा विषय असेल तर मिररलेस घ्या, आणि शक्य असल्यास किट लेन्स न घेता थेट एफ १.८ च्या लेन्ससह घ्या.

नवे कॉम्पॅक्ट आता कमी बनतात. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. त्यामुळे अनेकांना जुनाच घ्यावा लागेल. घेताना बॅटरी पूर्ण भरून न्या. कॉम्पॅक्ट असेल तर झूम दहा-बारा वेळा आतबाहेर करून कान द्या. करकर ऐकू आली तर नळ्यांत माती आहे, परत करा. मिररलेस असेल तर एफ १६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या, सेन्सरवरची धूळ काळे ठिपके होऊन दिसेल. ती साफ होते, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, भाव कमी करा. लेन्समधून टॉर्च तिरपा मारून पाहा. पावसाळ्याच्या दमटपणात वाढलेली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि काच कायमची कोरते. ती दिसली तर कितीही स्वस्त असली तरी लेन्स घेऊ नका, आणि घेतलेली लेन्स जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.