बांगलादेशी क्रिकेटचे ‘पंचपांडव’ : एका बिरुदाची पार्श्वभूमी

नडाईलचा वेगवान गोलंदाज मश्रफी मुर्तझा, मागुऱ्याचा अष्टपैलू शाकिब अल हसन, चितगावचा सलामीवीर तमीम इक्बाल, बोगुड्याचा यष्टिरक्षक मुशफिकुर रहीम आणि मयमनसिंगचा मधल्या फळीतला फलंदाज महमुदुल्ला. बांगलादेशात क्रिकेटच्या गप्पांत ‘पंचपांडव’ म्हणजे हे पाच. शब्द माध्यमांनी रुळवला, चाहत्यांनी डोक्यावर घेतला. पण ही मोजणी नीट तपासली की घोळ दिसू लागतो.

पोर्ट ऑफ स्पेनची 2007 ची जखम, विश्वचषकात बांगलादेशनं भारताला हरवलं ती, आपल्याकडे नव्यानं सांगायला नको. त्या दिवशी या पाचांपैकी चौघं मैदानात होते : तिघांची अर्धशतकं, एकाचे चार बळी. पाचवा चार महिन्यांनी संघात आला. म्हणजे बिरुद मागाहून चिकटलं, आणि चिकटताना आधीच्यांना बाहेर ठेवून गेलं. 1998 मध्ये हैदराबादेत सलामीला येऊन 77 धावा काढणारा, तीन बळी घेणारा आणि केनियाविरुद्ध देशाला पहिला एकदिवसीय विजय मिळवून देणारा डावखुरा फिरकीपटू मोहम्मद रफीक त्यात नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये ढाक्यात, देशाच्या पहिल्याच कसोटीत भारताविरुद्ध 145 काढणारा अमिनुल इस्लाम नाही. 1971 च्या फेब्रुवारीत बॅटवर ‘जय बांगला’ या मुक्तिलढ्याच्या घोषणेचा स्टिकर लावून उतरलेला सलामीवीर रकिबुल हसन तर फारच लांबचा.

कोलंबोत 2001 साली सतराव्या वर्षी कसोटी शतक ठोकणारा मोहम्मद अश्रफुलही बाहेरच. त्याचं कारण उघड आहे : फिक्सिंगची कबुली आणि बंदी. पण मागुऱ्याच्या अष्टपैलूवरही 2019 मध्ये बंदी आलीच होती, बुकीचे संपर्क कळवले नाहीत म्हणून. दोन्ही गुन्हे एका तागडीत तोलता येणार नाहीत, हे खरं. तरी माफीचं माप दोघांना सारखं लागलं नाही, हेही खरंच.

मग भावंडांची प्रतिमा आली कुठून? बहुधा ढाक्यातल्या मीरपूरच्या मैदानावरून. मार्च 2012, आशिया चषक. आपल्या मुंबईकराचं शंभरावं शतक याच स्पर्धेतलं. तो सामना बांगलादेशनं जिंकला, हे आपण सोयीस्कर विसरतो. सहा दिवसांनी पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना दोन धावांनी गेला आणि यष्टिरक्षक-कर्णधार अष्टपैलूच्या मिठीत हमसून रडला. 2016 ला टी-20 विश्वचषकात, बंगळुरूत, भारताविरुद्ध तीन चेंडूंत दोन धावा हव्या होत्या. आदल्या चौकारावर मुशफिकुरची मूठ उगारून झाली, मग तीन चेंडूंत तीन बळी. पहिले दोन बोगुडा आणि मयमनसिंगचे.

पुढे राजकारण शिरलं. वेगवान गोलंदाज 2018 मध्ये, कर्णधार असतानाच, शेख हसीनांच्या सत्ताधारी अवामी लीगचा खासदार झाला; अष्टपैलू जानेवारी 2024 मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे सरकार कोसळलं, मश्रफीचं नडाईलचं घर जाळलं गेलं. अष्टपैलूला मीरपूरला शेवटची कसोटी खेळायची होती. त्याची अखेरची कसोटी कानपूरचीच ठरली. सलामीवीरानं जुलै 2023 मध्ये रडत निवृत्ती जाहीर केली आणि पंतप्रधानांच्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या संघात मात्र तो नव्हता, आणि कर्णधार अष्टपैलूशी त्याचं बिनसलेलं तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मयमनसिंगच्या फलंदाजानं 2021 मध्ये हरारेत नाबाद 150 काढून कसोटी सोडली.

राहिला बोगुड्याचा. नोव्हेंबर 2025 मध्ये मीरपूरला तो शंभरावी कसोटी खेळला, आयर्लंडविरुद्ध. 106 धावा. बाकीचे चौघं तोवर आंतरराष्ट्रीय क्रिकेटपासून दूर गेले होते.